श्वासापुढचें वस्त्र

चैत्र-वैशाखांत हिंगोलीच्या हळदबाजारांत जो कोणी गेला असेल त्यास तेथील हवेचा रंग विसरतां येणार नाहीं. शिजवून, वाळवून, ढोलांत घोळून आणलेली हळद पोत्यांतून ओतली जाते. कांड्या एकीकडे आणि गट्टू दुसरीकडे अशा राशी पडतात. आणि प्रत्येक पोतें रितें होतांना पिवळ्या धुळीचा लोट उठून वरच्या पत्र्यापर्यंत जातो. त्या लोटांत दिवसभर वावरणारे हमाल नाकातोंडावर उपरणें गुंडाळून घेतात. संध्याकाळीं तें सोडलें म्हणजे त्याची आंतली घडीहि पिवळी झालेली दिसते. हा बाजार संत नामदेवांच्या नांवानें ओळखला जातो, आणि परंपरेनें त्यांचें जन्मस्थान मानलेलें नर्सी ह्याच जिल्ह्यांत आहे. नामदेव शिंप्याच्या कुळांत जन्मलेले. ज्या संताचें घराणें सुई-दोऱ्याचें, त्याच्या नांवाच्या बाजारांत कापड आणि श्वास यांचा हा संबंध पाहून आम्हांस प्रस्तुत लेख सुचला.

एका वृद्ध हमालास आम्हीं विचारलें, कीं करोनाच्या सालांत सर्वांनीं लावलेले मास्क आतां येथें कोणी कां लावीत नाहीं? तो हसला आणि म्हणाला, "मास्कानं दम कोंडतो, सर. पोतं उचलायचं तर श्वास पाहिजे की." ह्या दोन वाक्यांत एका शास्त्राचा सव्वाशे वर्षांचा पेंच सामावलेला आहे. जें कापड धूळ चांगली अडवितें तें श्वासहि अडवितें. जें श्वास मोकळा ठेवतें तें धुळीसहि मोकळें सोडतें. हा पेंच सोडविण्यासाठीं अलीकडे जो उपाय पुढें आला आहे, तो म्हणजे साध्या कापडावर अतिसूक्ष्म तंतूंचा एक विरळ लेप देणें. ह्या तंतूंस 'नॅनोतंतु' म्हणतात. वृत्तपत्रांतून हा शोध अगदीं आजकालचा म्हणून सांगितला जातो. परंतु त्याची वंशावळ पुष्कळ जुनी आहे, आणि ती पाहिल्यावांचून ह्या लेपाचें खरें मोल कळणें कठीण. म्हणून वाचकांस थोडें मागें नेण्याची परवानगी आम्ही घेतों.

तोंडावर कांहीं तरी बांधण्याची कल्पना फार पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें हिंगूळ कुटणाऱ्या कामगारांचें वर्णन करितांना, ते विषारी धूळ पोटांत जाऊं नये म्हणून तोंडावर जनावरांच्या मूत्राशयाचें सैल कातडें बांधीत असें लिहिलें आहे. आपल्याकडे जैन मुनींची मुहपत्ती सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ह्या दोहोंच्या हेतूंतील भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. रोमन कामगार कातडें बांधीत असे तो स्वतःस वांचविण्यासाठीं. मुनि पट्टी बांधतो ती आपल्या श्वासानें व बोलण्यानें हवेंतील सूक्ष्म जीवांस इजा होऊं नये म्हणून. एकाचें वस्त्र आंत येणाऱ्या हवेसाठीं, दुसऱ्याचें बाहेर जाणाऱ्या हवेसाठीं. मुखपटाच्या पुढील सर्व इतिहासांत हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो, कीं हें वस्त्र कोणासाठीं?

अर्वाचीन वैद्यकांत मुखपट आला तो मुनीच्या हेतूनें. १८९७ सालीं ब्रेस्लाउ शहरांत कार्ल फ्ल्यूगे ह्या आरोग्यशास्त्रज्ञानें बोलतांना तोंडांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतु बाहेर पडतात असें प्रयोगानें दाखविलें. आणि त्याच सालीं, त्याच शहरांत, योहान मिकुलिच ह्या शस्त्रवैद्यानें रोग्याच्या जखमेंत आपल्या श्वासांतील जंतु जाऊं नयेत म्हणून तोंडावर विरळ जाळीचें कापड बांधण्यास आरंभ केला. १८९७ हें साल महाराष्ट्रास कशासाठीं आठवतें हें सांगावयास नको. आदल्या वर्षीं सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला होता. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. आणि १० मार्च रोजीं पुण्याजवळ, रोग्यांची शुश्रूषा करितां करितां, सावित्रीबाई फुले यांस प्लेगनेंच मृत्यु आला. मुखपट असता तर त्या वांचल्या असत्या असें आम्ही म्हणत नाहीं; मुंबई-पुण्याची ती सांथ मुख्यतः पिसवांच्या द्वारें पसरणारी होती, हें सिमाँ यानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. परंतु रोग कोणत्या वाटेनें येतो हें ठाऊक नसतांना माणसें कशी उघड्या छातीनें त्याच्यासमोर जात होतीं, ह्याची ती आठवण आहे.

श्वासावाटे पसरणाऱ्या प्लेगशीं गांठ पडली ती १९१०-११ च्या हिंवाळ्यांत मांचुरियांत. केंब्रिजला शिकलेला वू लिएन-तेह हा तरुण चिनी वैद्य हार्बिन येथें पोंचला तेव्हां त्यानें हा रोग फुप्फुसांतून फुप्फुसांत जात आहे असें प्रतिपादन केलें, आणि विरळ कापडाच्या घड्यांमध्यें कापसाची गादी घालून केलेला मुखपट वैद्य, परिचारक व सामान्य लोक या सर्वांस बांधावयास लावला. मेनी नांवाच्या एका फ्रेंच वैद्यास हें मत पटलें नाहीं. तो मुखपटावांचून रोग्यांस तपासावयास गेला आणि जानेवारी १९११ मध्यें त्याच रोगानें मरण पावला. त्या सांथींत सुमारें साठ हजार माणसें गेलीं; परंतु वसंत ऋतूच्या आरंभीं ती आटोक्यांत आली, आणि येथून पुढें मुखपट हा केवळ शस्त्रवैद्याचा न राहतां सर्वांचा झाला.

तथापि सात वर्षांनीं त्याची कसोटी लागली तेव्हां तो पुरा उतरला नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत, ज्या सांथीनें एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले, अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरानें मुखपट सक्तीचा केला. त्याचा परिणाम पाहण्यासाठीं कॅलिफोर्नियांतील केलॉग व त्याचा सहकारी यांनीं प्रयोग केले आणि १९२० सालीं ते प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष असा, कीं कापडाचे पदर थोडे ठेवले तर जंतु निसटतात. आणि जंतु अडतील इतके पदर घातले तर श्वास घेणें जड होऊन हवा कापडांतून न जातां कडेच्या फटींतून आंत शिरते. हिंगोलीच्या हमालानें आम्हांस सांगितलें तें हेंच होय.

आतां हा पेंच कां पडतो, तें पाहूं. सामान्य समजूत अशी, कीं गाळणीचें कापड चाळणीसारखें काम करितें. भोंकापेक्षां मोठा कण अडतो, लहान निसटतो. ही समजूत बरोबर नाहीं. गाळणीचें कापड चाळणीपेक्षां बाभळीच्या बनासारखें असतें. बनांतून गुरें उधळलीं तर जें जनावर जड आणि वेगांत आहे त्यास वाट वळली तरी वळतां येत नाहीं, तें झाडावर आदळतें. मोठ्या कणांचें असेंच होतें. उलट अत्यंत लहान कणांस हवेचे रेणु चोहोंकडून धक्के देत असतात. ते मद्यप्यासारखे झोंकांड्या खात चालतात आणि कोठें ना कोठें झाडास चिकटतात. धोका असतो तो मधल्यांचा. ते इतके जड नसतात कीं आदळावे, आणि इतके हलकेहि नसतात कीं झोंकांड्या खाव्या. हवेबरोबर वळणें घेत ते सुखरूप पार होतात. ह्या मधल्या कणांचा आकार सुमारें ०.३ मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आयर्विंग लँगम्यूर ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें ह्या विषयाचें गणित मांडलें, आणि तेव्हांपासून गाळणीची परीक्षा सर्वांत मोठ्या नव्हे, सर्वांत लहानहि नव्हे, तर सर्वांत निसटणाऱ्या कणावर घेण्याची पद्धति पडली.

बनांतून निसटणाऱ्यास अडविण्याचे तीन उपाय संभवतात. पहिला, बन अधिक दाट व खोल करणें; त्यांत श्वास कोंडतो हें आपण पाहिलें. दुसरा, झाडांना आकर्षणशक्ति देणें. १९३० च्या सुमारास हॅन्सन ह्या संशोधकानें लोंकरींत राळेची पूड घातली. तीमुळें लोंकरीचे तंतु विद्युद्भारित होऊन धुळीस ओढूं लागले. पुढें १९५४ सालीं अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंत व्हॅन वेन्टे यानें वितळलेल्या प्लॅस्टिकवर तप्त हवेचा झोत मारून अतिशय बारीक तंतु काढण्याची रीति सिद्ध केली, आणि १९९० नंतरच्या दशकांत पीटर त्साई यानें त्या तंतूंस टिकाऊ विद्युद्भार देण्याची युक्ति काढली. आज एन-९५ म्हणून जो मुखपट घरोघरीं ठाऊक आहे तो ह्या दोन शोधांचें अपत्य आहे. परीक्षेच्या वेळीं शंभरांतील निदान पंच्याण्णव कण अडवावे, हा त्या नांवाचा अर्थ. परंतु त्याचें बळ उधारीचें आहे. साबणानें धुतला किंवा मद्यार्कांत बुडविला कीं विद्युद्भार उतरतो आणि कापड डोळ्यांना तसेंच दिसत असतां आंतून दुबळें होतें. २०२० सालीं कित्येक सुशिक्षित घरांतून असे मुखपट धुऊन दोरीवर वाळत घातलेले आम्हीं पाहिले आहेत, आणि आमचें घर त्यास अपवाद नव्हतें हेंहि कबूल करितों.

तिसरा उपाय म्हणजे झाडेंच काडीसारखीं बारीक करणें. कापसाचा तंतु दहा-वीस मायक्रॉन जाड असतो. नॅनोतंतु त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारें ०.१ मायक्रॉन. तितक्याच द्रव्यांतून कितीतरी अधिक लांबीचें सूत निघतें आणि कणास अडण्याच्या जागा तितक्या वाढतात. ह्याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. हवेचा एक रेणु दुसऱ्यावर आदळण्यापूर्वीं सरासरीनें ०.०६५ मायक्रॉनच्या आसपास अंतर चालतो. तंतूची जाडी ह्या अंतराच्या जवळ आली, कीं हवा त्यास चिकटून घसटत न जातां सरळ निसरून जाते. जाड तंतूभोंवतीं तिला जो अडथळा होतो तो येथें कमी होतो. म्हणजे कण अधिक अडावे आणि श्वास कमी अडावा, हें जें परस्परविरुद्ध वाटत होतें, तें ह्या सूक्ष्मतेच्या पातळीवर कांहीं अंशीं एकत्र नांदूं शकतें.

इतकें बारीक सूत कोणत्या चातीवर निघणार? तें विजेच्या चातीवर निघतें. घांसलेल्या अंबराजवळ पाण्याचा थेंब नेला तर तो अंबराकडे शंकूसारखा टोंकदार होतो, असें विल्यम गिल्बर्टनें १६०० सालींच नमूद केलें होतें. विद्युद्भारित थेंब किती भार सोसूं शकतो याचें गणित लॉर्ड रॅले यानें १८८२ सालीं केलें. १९०२ सालीं अमेरिकेंत कूली आणि मॉर्टन ह्या दोघांस, चिकट द्रव विजेच्या दाबानें ओढून तंतु काढण्याच्या रीतीचे हक्क स्वतंत्रपणें मिळाले. १९३४ नंतर जर्मनींत फॉर्महाल्स यानें तीच रीति कापडधंद्यासाठीं सुधारली. रीति ऐकण्यास सोपी आहे. सुईसारख्या नळींतून प्लॅस्टिकचा पातळ द्राव सोडावयाचा आणि नळी व समोरचें लोखंडी पिंप यांत दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब ठेवावयाचा. थेंबाच्या टोंकांतून द्रावाची धार सुटते, चाबकासारखी वळसे घेते, वाटेंतच सुकते, आणि पिंपावरून सरकणाऱ्या कापडावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. हा लेप चौरस मीटरमागें एका ग्रॅमहूनहि कमी भरतो. परंतु त्या काळीं हे तंतु काढणारांस ते नीट पाहतांहि येत नव्हते. सर्वांत बारीक तंतु प्रकाशाच्या लहरीहून सूक्ष्म असल्यामुळें साध्या सूक्ष्मदर्शकांत स्पष्ट उमटत नसत, आणि विद्युत्कणांचा सूक्ष्मदर्शक १९३१ सालीं नुकता जन्मास आला होता.

ह्या तंतूंचें गाळणींतील मोल प्रथम ओळखलें तें रशियांत. १९३८ सालीं मॉस्कोच्या कार्पोव्ह संस्थेंत पेत्र्यानोव्ह आणि रोझेनब्लूम यांनीं अशा तंतूंचें गाळणीचें कापड तयार केलें. तें युद्धोपयोगी ठरल्यामुळें त्याची वार्ता बाहेर फारशी फुटली नाहीं. पुढें त्याच कापडाचा 'लेपेस्तोक', म्हणजे पाकळी, नांवाचा हलका मुखपट अणुउद्योगांतील कामगारांसाठीं निघाला. १९८६ सालीं चेर्नोबिलच्या अपघातानंतर सफाईस गेलेल्यांच्या तोंडावर तोच होता. बाहेरच्या जगांत ह्या विद्येचें पुनरुज्जीवन झालें तें १९९५ च्या सुमारास, अमेरिकेंतील अ‍ॅक्रन येथें जयेश दोशी आणि डॅरेल रेनेकर यांच्या संशोधनानें; आणि २००३ च्या सुमारास चेक देशांतील लिबेरेट्स ह्या जुन्या विणकरी शहरांत यिर्साक यानें सुई काढून टाकून फिरत्या रुळावरून एकदम शेंकडों धारा सोडण्याची युक्ति काढली, तेव्हां प्रयोगशाळेंतील वीतभर कापडाचे वार होऊं लागले. हिंदुस्थानांत कानपूरच्या आय.आय.टी.च्या आश्रयानें उभ्या राहिलेल्या ई-स्पिन नॅनोटेक ह्या संस्थेनें असे तंतु काढण्याचीं यंत्रें आणि नॅनोतंतूंचे मुखपट केले. पुण्यांतील थिंकर टेक्नॉलॉजीज ह्या संस्थेनें २०२१ सालीं मुखपटावर विषाणूंस मारणारा लेप दिला, परंतु त्याची जात वेगळी. तो औषधाचा लेप, हा सुताचा. एक शत्रूस मारतो, दुसरा केवळ धरतो.

ह्या सुताच्या लेपाची आम्ही आंधळी स्तुति करूं इच्छीत नाहीं. तो नाजूक असतो. खालच्या कापडास घट्ट धरला नाहीं तर घांसून निघतो. दाट धुळींत त्यावर धुळीचा थर लवकर बसून श्वास पुन्हां जड होऊं लागतो. द्राव करण्यास लागणारीं कित्येक द्रव्यें विषारी असतात, आणि मुखपट करणाराच्या फुप्फुसाची काळजी घेणेंहि ओघानेंच आलें. शिवाय कापड कितीहि उत्तम असलें आणि तें गालाशीं नीट बसलें नाहीं, तर सर्व विद्या कडेच्या फटींतून वाहून जाते. तथापि जुन्या पेंचांतून बाहेर नेणारी वाट सांपडली आहे, ह्यांत संशय नाहीं.

आतां पुन्हां हिंगोलीस येऊं. हें एके काळीं निजामाच्या पदरच्या हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचें ठाणें होतें. परभणीपासून वेगळें होऊन १ मे १९९९ रोजीं तो स्वतंत्र जिल्हा झाला. आज तेथें राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. २०२० च्या एप्रिलांत त्या गटाचे जवान मालेगांव व मुंबई येथील बंदोबस्तावरून परत आले, तेव्हां त्यांतील अनेकांस करोनाची लागण झालेली आढळली. मुहपत्तीनें विचारलेला प्रश्न तेव्हां गांवागांवांत विचारला गेला, कीं हें वस्त्र माझ्यासाठीं कीं तुझ्यासाठीं? त्याचें उत्तर त्या दोन वर्षांपुरतें सर्वांस कळलें होतें, कीं दोघांसाठीं.

ह्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथें गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्याचें ठरलें आहे. २०१६ सालीं त्या योजनेस तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटि रुपयांची अंतिम मंजुरी. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोंकांशीं अत्यंत निर्मळ आरसे, अशी तिची रचना. अमेरिकेंतील अशा वेधशाळांत आरशांची हाताळणी करितांना हवा बारीक गाळणींतून गाळून घेतात, आणि काम करणारे तोंडावर मुखपट बांधतात, कारण श्वासाबरोबर गेलेला एक कणहि आरशास बाधतो. आमच्या ज्योतिर्लिंगाच्या शेजारीं हें मंदिर होत आहे याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु मनांत एक हिशेब उभा राहिल्यावांचून राहत नाहीं. मुनीनें वस्त्र बांधलें तें सूक्ष्म जीवांसाठीं. शस्त्रवैद्यानें बांधलें तें रोग्यासाठीं. वेधशाळेंत बांधतात तें आरशासाठीं. ह्या प्रत्येक वस्त्रामागें कोणी तरी विचार केला, मापें घेतलीं, पैसा खर्चिला. तेथून थोड्याच कोसांवर हळदीच्या धुळींत जो उभा आहे, त्याचें वस्त्र मात्र प्लिनीच्या काळापासून त्याचें त्यानेंच शोधावयाचें आहे.

स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सहा ते आठ लिटर हवा घेतो. पाठीवर पोतें घेऊन चढणारा त्याच्या कित्येक पट घेतो. म्हणजे ज्यास सर्वांत मोकळा श्वास हवा, त्याच्याच छातींत सर्वांत अधिक धूळ जाते. नॅनोतंतूंचा लेप जर कोणासाठीं निर्माण झाला असेल तर तो ह्याच मनुष्यासाठीं, असें आम्हांस वाटतें. खुर्चींत बसणाऱ्या आमच्यासारख्यांचें जाड मुखपटावरहि भागतें. मराठवाड्यांत कापूस पिकतो, कापड जाणणारीं घराणीं आहेत, विद्यापीठांतून पदार्थविज्ञान शिकविलें जातें. त्या वृद्ध हमालाचें उपरणें हातांत घेऊन, त्यावर हें विजेचें सूत कसें टिकेल आणि तें गालाशीं कसें बसेल, एवढा एक प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी प्रयोगशाळेंत नेला, तर मुखपटाच्या इतिहासांत एक राहून गेलेलें पान लिहिलें जाईल. निघतांना आम्हीं त्या हमालास विचारलें, श्वास न कोंडणारा मास्क निघाला तर लावाल काय? तो पोत्याखालीं वांकत म्हणाला, "आणा तर खरं, सर. मग बघू."